पाटी आणि पऱ्हाटीची काडी

आत्या गेली ही बातमी मला गावातल्या दामोदरमामांनी फोनवर दिली. मी बुलढाण्याला ऑफिसात होतो. मामा म्हणाले, "मिलिंदा, तुही आत्या गेली रे बापा... जेवली, ओसरीत बसली, वाचता वाचताच मान टाकली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् थे यंत्र तिच्या मांडीवरच हाय. कायचं तरी चित्र दाखवून राह्यलं. चालू हाय का बंद, काही समजत नाही. हात लावाची हिंमत नाही होऊन राह्यली. पान इकडचं तिकडं झालं तं वरतून शिव्या घालन थे." खरं सांगतो, रडू आणि हसू मला एकदमच आलं. मेलेल्या बाईच्या ई-रीडरला हात लावायला एक धडधाकट निवृत्त माणूस घाबरत होता, आणि त्याचं घाबरणं अगदी बरोबर होतं.

वच्छलाआत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. आमचं गाव मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या अंगाला. गावात आमचं घर होतं, पण वावर नव्हतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत आत्याचा नवरा वारला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. बाबा आणि ती दुसऱ्याच्या वावरात निंदायचे, खुरपायचे, कापूस वेचायचे. भाकरीबरोबर ठेचा असला तर सण, नाहीतर मीठ. शाळेचं तोंड दोघांनीही पाहिलं नव्हतं. रेशन असो, पंचायत असो, कुठेही गेलं की अंगठा. घरी आल्यावर आत्या अंगठ्याची निळी शाई चुलीच्या राखेनं घासत बसायची. शाई निघाली तरी घासायची. बाबा म्हणायचे, "निघाली ना आता, कातडी काढतं का?" तर म्हणायची, "चोरी करून आल्यावानी वाट्टे."

मी पहिलीत गेलो आणि आत्या माझ्या मागोमाग पहिलीत आली. नाव शाळेत माझं, पण संध्याकाळी अंकलिपी तिच्या मांडीवर. "सांग बे, हे कोन?" असं एकेका अक्षराकडे बोट दाखवून विचारायची, पाहुण्याची ओळख करून घ्यावी तसं. ते बोट तिनं पुढे कधीच उचललं नाही. अक्षराखाली बोट ठेवायचं, शब्द म्हणायचा, बोट सरकवायचं. मी तिसरीत जाईपर्यंत ती माझ्या पुढे निघून गेली होती. मोताळ्याच्या स्टॅंडवर आलेल्या प्रत्येक एसटीची पाटी ती मोठ्यानं वाचायची; लोक तिला विचारून गाडीत चढायचे. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, हे मी आजही छाती काढून सांगतो. निकाल घेऊन घरी आलो तेव्हा आत्यानं गुणपत्रिकेवर बोट ठेवून वाचलं, "बावन्न टक्के," आणि म्हणाली, "अर्ध्याच्या वर हाय ना? मंग झालं."

आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी बुद्धांच्या चरित्राचं ग्रंथवाचन चालतं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि शेवटच्या पौर्णिमेला ग्रंथ पूर्ण करून खीर. आधीचे वाचक पुण्याला मुलाकडे गेले तेव्हा चौरंगासमोर आत्या बसली, आणि मग उठलीच नाही. दुसरे उमेदवार होते दामोदरमामा. मामा आयुष्यभर एसटीत नियंत्रक होते, स्टॅंडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. ग्रंथही तसाच वाचायचे. ऐकताना वाटायचं, आता हे म्हणणार, प्रवाशांनी आपापल्या सामानाकडे लक्ष द्यावे. आत्या आजारी असली की त्यांना वाचायला मिळायचं, म्हणून आत्या वर्षावासात आजारी पडायची नाही.

पण मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात तिचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण बारीक अक्षर दिसेना. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मागचा पडदा खराब झालाय, चष्म्यानं काही होणार नाही. अक्षर बोटाएवढं मोठं असेल तरच वाचता येईल. येताना गाडी राजूरच्या घाटाला लागली. मी म्हटलं, "आत्या, मामा वाचतील या वर्षी. तू ऐक." तशी माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकाचं काही नाही रे. पन मले पुन्हा अंगठ्यावर नको नेऊ."

त्या महिन्यात मी ई-रीडर घेतला. एका मित्रानं त्यात ग्रंथ टाकून दिला, अक्षर हवं तेवढं मोठं होईल असा. आत्यानं तो हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. "पाटी हाय ही तं," म्हणाली. लहानपणी तिला पाटी मिळाली नव्हती. ती अशी सत्तरीत मिळाली. मी शिकवायला बसलो. पान उलटायला कडेला अंगठा टेकवायचा, एवढंच. ती माझ्याकडे पाहातच राहिली. "म्हंजे इथं बी अंगठाच?"

खरी पंचाईत वेगळीच होती. तिला बोट ठेवल्याशिवाय वाचता येत नव्हतं, आणि त्या पाटीला बोट लागलं की पान उलटत होतं. पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं की पान गेलं. परत आणलं, बोट ठेवलं, पुन्हा गेलं. जरा जास्त वेळ बोट राहिलं तर एक चौकट उघडायची आणि इंग्रजीत काहीतरी विचारायची. "हे काऊन मधात बोलून राह्यलं? मी याले काही इचारलं का?" मी म्हटलं, "आत्या, बोट लावू नको, नुसतं डोळ्यानं वाच." तर म्हणे, "तू नुसतं डोळ्यानं भाकर खातं का?" मी बोटाला चिंधी बांधून पाहिली. चिंधी पातळ असली तर पान पळायचं, जाड केली तर अक्षरच झाकायचं. पदरानं पाटी पुसली तरी ग्रंथ दोन पानं पुढे जायचा, आणि पाटी पुसल्याशिवाय ती वाचायला घेत नसे.

तरी आषाढी पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांतच ती पाटी घेऊन विहारात बसली. मीही होतो. बोट जपून ठेवत होती, पण जुनं बोट ते, विसरायचं. पान उलटायचं आणि तिला कळायचं नाही. ती आपली समोर येईल ते भक्तिभावानं वाचत जायची. मागच्या म्हाताऱ्या हात जोडून "साधु, साधु" म्हणत होत्या. शेवटी दामोदरमामा उठून उभे राहिले. "वच्छलाबाई, एक मिनिट. आत्ताच तं राजवाड्यात होते, एवढ्यात जंगलात कसे आले? मधातला घोडा कुठी गेला?" सगळं विहार हसलं. आत्याही हसली, पण तिनं पाटी बंद केली आणि चौरंग मामांकडे सरकवला. घरी येऊन जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून गाड्या पुकारणं सुरू झालं.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा ती ओसरीत पाटीशी भांडत होती. शेजारी चुलीसाठी पऱ्हाटीचा भारा पडला होता, कपाशी निघाल्यावर वावरात उरतात त्या वाळक्या काड्यांचा. मी पुन्हा शिकवायला लागलो आणि चुकून म्हणालो, "आत्या, राहू दे ना आता." तिनं भाऱ्यातली एक काडी ओढली. मला वाटलं पाठीत बसते. पण काडी तिनं पाटीवर टेकवली. "राहू दे म्हंतं? हे काय हाय सांग. हे? आन् हे?" आणि एकेका शब्दावर काडी ठोकत पूर्ण ओळ रागारागानं वाचून काढली... पान हललं नाही. आम्ही दोघं पाटीकडे बघत बसलो. तिनं पुन्हा काडी टेकवली. नाही हललं. मग डाव्या हाताचा अंगठा कडेला ठेवला. पान उलटलं. माणसाचं बोट त्या काचेला कळतं, वाळकी काडी कळत नाही. मला मागाहून सुचलं की पेनाचं टोपणही चाललं असतं. ते सांगितलं, तर म्हणाली, "टोपन तुह्यापाशी ठेव. पऱ्हाटी जनमभर माह्या हातात होती, थे माह्यं ऐकते."

काडी तासून, घासून तिनं गुळगुळीत केली. मग आम्ही मोताळ्याला शकीलभाईंकडे गेलो. ते मोटारसायकलच्या सीटची कव्हरं शिवतात. पाटी हातात घेऊन म्हणाले, "खाला, इसपे बैठना है क्या?" आत्या म्हणाली, "बैठना नही, पढना हाय. आन् काडीले घर कर." त्यांनी काळ्या रेक्झिनचं, लाल काठाचं कव्हर शिवलं, बाजूला काडीसाठी बंद. दिसायला थेट सीटचं पिल्लू. पैसे विचारले तर म्हणाले, "पहले पढके तो दिखाओ."

विहारात ती आता बायकांत मागे बसायची आणि मामा कागदी ग्रंथातून वाचत असताना आपल्या पाटीवर काडीनं त्यांच्या मागोमाग जायची. कुणाला काही बोलली नाही. एका संध्याकाळी पाऊस लागला आणि लाइन गेली. मामा अर्ध्या वाक्यात थांबले. लोक मोबाइल चाचपडायला लागले, तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला, राहिलेलं अर्धं वाक्य घेऊन. पाटीला स्वतःचा उजेड होता. तिचं तोंड तेवढं दिसत होतं आणि काडी हळूहळू सरकत होती. उजेडावर पावसाळी किडे यायला लागले, तर त्याच काडीनं एकेकाला उडवायची आणि पुढचा शब्द घ्यायची. कुणी मोबाइल लावला नाही. लाइन आली तरी कुणी मामांकडे पाहिलं नाही. मामांनी स्वतः चौरंग उचलला, बायकांच्या बाजूला नेऊन तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "घ्या. गाडी तुमच्याच फलाटावर लागली."

नंतर गावाला वेगळाच नाद लागला. पाटीच्या तळाशी किती टक्के वाचून झालं ते दिसायचं. मामा रोज वाचन संपलं की विचारायचे, "किती?" आत्या आकडा सांगायची. पस्तीस झाले त्या दिवशी तिनं जाहीर केलं, "आज आपून सारे पास झालो," आणि गूळ-शेंगदाणे वाटले. मामा म्हणाले, "वाढीव मार्क तं नाही ना घेतले?" मध्यंतरी तिनं अक्षर एवढं मोठं करून टाकलं की पानावर चारच शब्द मावायचे आणि अंगठा सारखा चालवावा लागायचा. मी म्हटलं, "दुखत नाही का अंगठा?" तर म्हणाली, "दुखू दे. पयले अंगठा दिला का कागद दुसऱ्याच्या खिशात जाये. आता अंगठा दिला का पान मले भेटते." आणि एके दिवशी भर ऑफिसात तिचा फोन आला. मी घाबरून उचलला. ती म्हणाली, "आज बावन्न. तुह्या बरोबरीले आली." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "आज तुले मागं टाकलं बरं का," आणि ठेवला.

अश्विन पौर्णिमेला शेवटचं पान आलं. शकीलभाई खिरीसाठी दूध घेऊन आले होते आणि दारात उभे राहून ऐकत होते. आत्यानं शेवटच्या शब्दाखाली काडी ठेवली, शब्द म्हटला, आणि काडी तशीच ठेवून बसली. मामांनी विचारलं, "किती?" ती म्हणाली, "तुमीच वाचा." मामांनी वाकून पाहिलं आणि माइकवर म्हणावं तसं म्हणाले, "शंभर." शकीलभाईंनी कव्हराचे पैसे घेतले नाहीत.

माघात ती गेली. तिच्या आठवणीत विहारात वंदना आणि वाचन होतं, त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मामा माझ्याजवळ आले. "मिलिंदा, आज थे पाटी दे वाचाले." मी म्हटलं, "मामा, तुमचे डोळे चांगले आहेत, कागदाचा ग्रंथ आहे की." ते म्हणाले, "हाव, डोळे चांगले हायेत. पन काडी पायजे." मी कव्हर उघडून दिलं. ती ग्रंथ पुन्हा पहिल्यापासून वाचत होती, एकटीच, कुणी सांगितलं नसताना. थोडासाच झाला होता. अक्षरं तिनं ठेवली होती तेवढीच होती, पानावर चार शब्द. मामांनी लहान केली नाहीत. बंदातून काडी काढली, तिचं टोक हाताळून काळं पडलं होतं, आणि एका शब्दाखाली ठेवून तो शब्द वाचला. मग पुढच्या शब्दाखाली. काडी भरभर सरकत नाही, त्यामुळे मामांनाही घाई करता येईना. आयुष्यात पहिल्यांदा ते सावकाश वाचत होते. मागच्या म्हाताऱ्या डोळे मिटून ऐकत होत्या.

पाटी आता विहाराच्या कपाटात असते, काडी तिच्या बंदात. चार्जिंगचं मामा बघतात. माझी वच्छलाआत्या एक दिवसही शाळेत गेली नाही. तिनं अख्खा ग्रंथ गावाला वाचून दाखवला, आणि शेवटच्या दिवसापर्यंत ती वाचत होती.