उघडे मांडव

आपण जागेवर बसलेले आहोत तोवर मोताळा तालुक्यातलं एकही लग्न मोडू शकत नाही, अशी आमच्या थोरल्या साडूंची पक्की समजूत होती. नवरदेव, नवरी, दोघांचे आईबाप, आहेर घेऊन आलेले मामा ही सगळी त्यांच्या लेखी वरकड मंडळी. लग्न धरून ठेवायचं ते त्यांच्या कॉम्प्युटरनं. बसस्टँडजवळ त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं आणि तिथल्या कॉम्प्युटरवर दर लग्नाचं एक फोल्डर. त्यात नावं, मजकूर, गणपतीचं नाहीतर बुद्धाचं चित्र. हे फोल्डर एकदा उघडलं की त्याची विंडो लग्न लागेपर्यंत बंद करायची नाही, हा त्यांचा नेम. अशा उघड्या विंडोला ते मांडव म्हणत. "लगन लागाच्या आंधी मांडव सोडते काय कोणी?" असं ते इतक्या गंभीरपणे विचारत की गिऱ्हाईकही घाबरून मान हलवी.

बरं, मांडव कुठेही टाकून चालत नसे. मुलीकडचं काम पडद्याच्या डाव्या हाताला, मुलाकडचं उजव्या हाताला आणि घरचं, भावकीतलं असलं तर बरोबर मध्यभागी. एकदा रोहिणखेडच्या एका वरबापाची विंडो दुसऱ्याच्या विंडोखाली अर्धी दबली. साडूंनी त्या माणसाला खुर्ची दिली, चहा पाजला आणि हात जोडून माफी मागितली. तो बिचारा नुसत्या पत्रिका न्यायला आला होता. आपला अपमान नेमका कशानं झाला हे त्याला काही कळलं नाही, पण झाला असावा असं वाटून जाताना तो थोडा रुसूनच गेला.

आणि या सगळ्यावर आमच्याकडची लाईन. ती कधी जाईल याचा नेम नाही. टेबलाखालचा यूपीएस जेमतेम कुईकुई करी आणि मान टाकी. मांडव सगळे एका क्षणात भुईसपाट. लाईन आली की साडू कोणाशी बोलत नसत. चहा नाही, फोन नाही. डोळे अर्धे मिटून एकेक लग्न आठवायचं आणि त्याची विंडो जागच्या जागी उघडायची. तोवर त्यांची बायको, म्हणजे आमच्या आक्का, दारात आलेल्याला ओठावर बोट ठेवून गुपचूप बसवत. देवघरातसुद्धा त्या घरी इतकी शांतता पाळत नसत.

मी बुलढाण्याला कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे मला शहाणपणा सुचल्यावाचून राहिला नाही. सेटिंगमध्ये एक बारीक चौकोन असतो. त्यात खूण केली की कॉम्प्युटर पुन्हा सुरू होताना आधी उघडी असलेली फोल्डरं आपली आपण परत आणतो. मी खूण केली, कॉम्प्युटर रीतसर बंद करून चालू केला, तर सगळे मांडव हजर! साडू मला शाबासकी देणार एवढ्यात लाईन गेली. परत आली तेव्हा पडदा मोकळा. असं अचानक बंद पडलं की काय काय उघडं होतं ते टिपून ठेवायला त्याला सवड मिळत नाही. साडूंना इतका आनंद मी क्वचितच झालेला पाहिला. "साडभाऊ," ते म्हणाले, "तुमची मशीन झोपून उठली त याद ठेवते. धक्का बसला का सारंच इसरते. माह्यं तसं नाही."

खरंच तसं नव्हतं. मला त्यांच्या डोक्याचा हेवा वाटे.

पहिली चूक आम्ही हसण्यावारी नेली. एका नवरीला त्यांनी उजवीकडे बसवलं. मग एकच मांडव दोन ठिकाणी पडला. मग एक दिवस त्यांनी आक्कांना शेजारणीच्या नावानं हाक मारली, आणि आमचं हसू आटलं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं आणि मग आवाज खाली आणून त्याचा अर्थ. आक्कांनी नवं काम घेणं हळूहळू थांबवलं. याच दिवसांत त्यांच्या एकुलत्या लेकीचं लग्न खामगावच्या मुलाशी ठरलं. तिची पत्रिका साडूंनी स्वतः जुळवली, रडत रडत, आणि तिचा मांडव मधोमध टाकला, सगळ्यांत मोठा. ही आठवण तरी लग्नापर्यंत टिकावी, एवढंच आम्हा सगळ्यांचं मागणं होतं.

मी दुकानात होतो तेव्हाच लाईन गेली आणि आली. साडूंनी डावीकडचे मांडव उघडले, उजवीकडचे उघडले, खुर्चीला टेकले आणि म्हणाले, "आण वं चहा." मधली जागा मोकळी होती. आक्का कप घेऊन तशाच उभ्या. लेक त्यांच्या मागेच होती. तिला माउस हातात घेऊन ती विंडो उघडता आली असती. पण तिनं वाकून विचारलं, "बाबा, मधातली कोणाची राह्यली?"

"मधात आपल्या घरचं राह्यते." ते पडद्याकडे बघत राहिले. मग तिच्याकडे वळले. "आपल्या घरी कोणाचं लगन हाये वं?"

"माह्यं हाये, बाबा."

"तुह्यं? कवा ठरलं? मले सांगतलं काऊन नाही?" त्यांचा चेहरा असा उजळला, की मी उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. मला ते बघवलं नाही.

त्या उन्हाळ्यात लाईन फार वेळा गेली. दर वेळी लेक त्यांना नव्यानं सांगे आणि दर वेळी त्यांना तितकाच आनंद होई. लग्नातही ते खुशीत होते, अक्षता टाकत होते, पंगतीत आग्रह करत फिरत होते. कोणाच्या लग्नात आहोत, हे त्यांना विचारायचं आम्ही सगळ्यांनीच टाळलं.

आता दुकान बंद आहे, कॉम्प्युटर घरी आणलाय. लग्नं सगळी कधीच लागली, पण साडू रोज जुने मांडव टाकून बसतात. लाईन जाऊन आली की मधली जागा तेवढी मोकळी राहते, आणि आक्का खामगावला फोन लावतात. परवा मी तिथंच होतो. "बाबा, माह्यं लगन ठरलं," स्पीकरवर लेकीचा आवाज आला. मागे तिच्या सासरी कोणीतरी भांडी घासत होतं. साडूंनी खुशीत मांडव उघडला, ओढून नीट मध्यभागी आणला आणि मग एकाएकी धास्तावून विचारलं, "म्हंजे आजून हायेस ना तू घरी?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला आणि भांडी ऐकू येईनाशी झाली.

"हाव, बाबा," ती म्हणाली. "घरीच हाये मी आजून."