गोलातली त्यांची जागा

हे गेले ते कंपनीच्या बसमध्ये. पहिल्या शिफ्टची बस आकुर्डीहून अंधारातच निघते आणि चाकणच्या गेटावर पोचेपर्यंत आत सगळे झोपलेले असतात. हेही झोपले आहेत असंच सगळ्यांना वाटलं. बस रिकामी झाली तरी हे उठले नाहीत, तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच झालं असणार, त्रास झाला नसावा. पुढे येणारा प्रत्येक जण मला हेच सांगायचा, जणू मी विचारलं होतं. मी मान हलवायचे.

त्यानंतरचं सगळं मला नीट आठवतं. गावाहून आलेल्या माणसांची अंथरुणं, चहाची पातेली, जिन्यातल्या चपला. फक्त ते सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी घरात घडल्यासारखं वाटतं. जाऊबाईंनी मला पोटाशी धरून रडवायचा प्रयत्न केला, तर मीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. दिवसकार्य झालं, माणसं परत गेली आणि मी कामावर रुजू झाले. गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायचं माझं काम. रंग बघून वायरी फळीवर लावायच्या, टेप गुंडाळायची, पुढची घ्यायची. लाइनवरच्या मॅडम म्हणाल्या, हवी तर अजून रजा घ्या. मी नको म्हटलं. घरी बसले काय आणि लाइनवर उभी राहिले काय, मला फरक कळत नव्हता.

ह्यांचं गाव गुहागरकडचं. गणपतीत जाखडी नाचायला मिळावी म्हणून वर्षभर रजा साठवायचे. मधे ढोलकीवाला आणि गाणारे बसतात, त्यांच्याभोवती गोल धरून पुरुष नाचतात, एका पायात घुंगरांची चाळ बांधून. इथं आमच्याकडच्या माणसांनी मंडळ काढलं होतं आणि रविवारी आकुर्डीत एका रिकाम्या गाळ्यात सराव चालायचा. ह्यांना तेवढा पुरायचा नाही. भात शिजेपर्यंत स्वयंपाकघरातसुद्धा पावलं टाकत राहायचे. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन भांडून गेल्या होत्या.

थंडी सरत आली तेव्हा मंडळातले ढोलकीवाले भाऊजी घरी आले. पुनावळ्यात एका जुन्या शेतकरी घरानं गावाचं छोटंसं संग्रहालय केलं होतं, त्याबद्दल बोलू लागले. जमिनीवर टॉवर उभे राहिले तेव्हा त्या घरच्या मावशींनी नांगर, मोट, कणगी असलं सगळं दोन खोल्यांत मांडून ठेवलं. मग गावातले बाकीचेही आपापलं आणून देऊ लागले. यंदा मावशींच्या मनात आलं, की आता निम्मं गाव बाहेरून आलेलं आहे, तर त्यांचंही काही इथं असावं. म्हणून प्रत्येक भागाच्या लोकांनी एक वस्तू द्यायची आणि एका रविवारी संध्याकाळी अंगणात आपलं गाणं, आपला नाच करून दाखवायचा. एवढं सांगून भाऊजी चहाच्या कपाकडे बघत राहिले. मग त्यांनी ह्यांची चाळ मागितली.

मी उठले, कपाटावरची पिशवी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

मुलगी कॉलेजातून आल्यावर तिला सांगितलं तर ती भडकली. रिकामा सिलेंडर दारात ठेवावा तशी तू बाबांची चाळ देऊन टाकलीस, म्हणाली. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. पण त्या रविवारी माझ्याआधी तयार होऊन दाराशी उभी होती.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. दोन टॉवरांच्या मधे ते अंगण. वरच्या गॅलऱ्यांतून लोक वाकून बघत होते. मावशी नऊवारीत, पदर खोचून खुर्च्या मांडत होत्या. मी कोण हे भाऊजींनी सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि आत नेलं. काचेच्या कपाटात निळ्या कापडावर ह्यांची चाळ ठेवली होती. दोरा घामानं काळपट झालेला. कार्डावर एवढंच, ‘जाखडीची चाळ, कोकण’. खाली नाव घालू का, असं मावशींनी विचारलं. मी नको म्हटलं. मागं दारात मंडळातल्या बायका थांबल्या होत्या. आता हिचा बांध फुटणार, म्हणून त्या वाट बघत होत्या हे मला कळत होतं. मी घुंगरं बघत होते. पितळ कुणीतरी चिंच लावून घासलं असावं. दुसरं काही मनात येत नव्हतं.

मावशींनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “रडू येत न्हाई व्हय?”

“नाही.”

“ऱ्हाऊ द्या. माझा धाकटा गेला तवा मला बी आलं न्हाई. लोकं लई बोलली. बोलू द्या.”

एवढं बोलून त्या पुन्हा खुर्च्या मांडायला गेल्या. इतक्या दिवसांत माझ्याशी कुणी बोललेलं मला ऐकू आलं, ते एवढंच.

मला पहिल्या रांगेत बसवलं. आधी गावातल्या बायकांनी फुगड्या घातल्या. साठीच्या बायका धापा टाकत हसत होत्या. मग सोलापूरकडच्या माणसांनी हलगी वाजवली, तेव्हा गॅलऱ्यांतली पोरंही नाचायला लागली. इतर टाळ्या वाजवत तेव्हा मीही वाजवत होते. मग आमचं मंडळ आलं.

गोलात ह्यांची जागा ठरलेली होती, ढोलकीच्या बरोबर समोर. तिथं एक उंच, सावळा माणूस उभा राहिला. आमच्यातला वाटत नव्हता. गाणं सुरू झालं आणि पहिल्याच कडव्यात कळलं, की याला येत नाही. अर्धं पाऊल मागं पडत होता. खाली मान घालून आपल्याच पायांकडे बघत, ओठांनी काहीतरी मोजत होता. गिरकी घेताना उलटा वळला आणि शेजारच्यावर आदळला. मागच्या रांगेत हशा झाला. मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, हा कोण? मला माहीत नव्हतं. मला त्याचा राग आला. थोडासाच, चपलेत खडा यावा तेवढा. इतर कुणीही चुकलं असतं तरी चाललं असतं. त्या जागेवर चुकायला नको होतं.

नाच संपल्यावर मसालेभाताच्या पत्रावळी फिरू लागल्या. भाऊजी त्या माणसाला घेऊन माझ्याकडे आले. हा लातूरकडचा, ह्यांच्याच कंपनीतला. हे गेल्यावर मंडळात आला आणि नाच शिकवा म्हणून मागं लागला. ह्याला ताल नाही, आपल्या भागातला नाही, म्हणून मंडळानं बरंच टाळलं, पण एकही रविवार तो चुकला नाही. एवढं सांगून भाऊजी निघून गेले.

तो माणूस हात जोडून उभा राहिला.

“वहिनी, बसमध्ये त्याच्या शेजारी मी होतो.”

शेजारी कुणीतरी बसलं असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं.

तो सांगू लागला. तळवडे मागं पडलं आणि ह्यांचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. रोजच यायचं. रोज तो शिवी देऊन ढकलायचा आणि दोघं हसायचे. आदल्या दिवशी ह्यांनी ओव्हरटाइम केला होता, म्हणून त्या दिवशी त्याला वाटलं, झोपू द्यावं बिचाऱ्याला. तो स्वतः हललाच नाही. खिशात फोन वाजत होता, तोही काढला नाही, धक्का लागेल म्हणून. हाताला मुंग्या आल्या तरी तसाच बसून राहिला. गेटावर बस थांबल्यावर म्हणाला, ऊठ भावा, आलं चाकण.

“उठवलं असतं तर...” असं म्हणून तो थांबला.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, “कुठला खांदा?”

त्यानं डाव्या खांद्यावर हात ठेवला. सदरा घामानं भिजलेला होता. मी त्या खांद्याकडे बघत राहिले. नुसता खांदा होता.

“बरं केलंत,” मी म्हटलं. “त्यांना झोपेतून उठवलेलं आवडायचं नाही.”

ते खरंच होतं. त्याची समजूत काढावी असं काही माझ्या मनात नव्हतं. त्यानं उपरण्यात तोंड लपवलं. माझी मुलगी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिची पाठ हलत होती. ते दोघंही रडत होते आणि मी पत्रावळ हातात धरून मधे उभी होते.

त्याचं रडणं ओसरल्यावर मी त्याला सांगितलं, “गिरकीला तुम्ही चाळेचा पाय आधी टाकता. दुसरा टाका. चाळेचा मागून येऊ द्या.”

त्याला समजेना. मी पत्रावळ खुर्चीवर ठेवली, पदर खोचला आणि तिथंच करून दाखवलं. जाखडी मी जन्मात कधी नाचले नव्हते, आमच्याकडे ती पुरुषांनीच नाचायची. पण एवढी वर्षं फोडणी घालता घालता बघितलेलं पायांत होतं. तो माझ्यामागून करू लागला. एकदा चुकला, मग पुन्हा केलं, तेव्हा घुंगरं जिथं वाजायला हवी तिथं वाजली. आजूबाजूचे लोक जेवायचे थांबले होते. मला हलकं वाटलं, असं काही मी म्हणणार नाही. पाय चालत होते.

परतताना बसमध्ये मुलगी बोलू लागली. बाबा एकटेच होते, हे तिला इतके दिवस खात होतं. सगळे आपापल्या झोपेत आणि बाबा एकटे. मला तिनं हे कधी सांगितलं नव्हतं.

“नव्हते ना एकटे?” तिनं विचारलं.

“नव्हते,” मी म्हटलं.

यंदा गणपतीत मंडळ गुहागरला निघालं तेव्हा तोही रजा टाकून आला. आमच्या अंगणात तो त्या जागेवर नाचला. सासूबाई ओटीवर बसून बघत होत्या. नाच झाल्यावर त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि तू कोणाचा, म्हणून विचारलं. त्याला काय सांगावं कळेना. लातूरचा, म्हणाला. लातूर कुठं आलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. लांबून आला असशील, आधी जेव, एवढंच त्या म्हणाल्या आणि मला पान वाढायला सांगितलं. मी भात वाढला, वर आमटी घातली. त्याला आणखी हवी होती, म्हणून पातेलंच बाहेर आणलं.