देऊळघाटची कमलबाई

"परत बोल," सर म्हणाले. "सगळ्यांना ऐकू दे."

मी परत बोलले. "सर, आमच्याकडचे लोक मोबाईलमध्ये असं बोलून शोधतात. शुगरवर गुण कुठी येते."

खोलीतले सगळे हसले. सर तर खुर्चीत मागे रेलून हसले. मग नाकातून माझ्यासारखा आवाज काढून म्हणाले, "कुठी येते. मले येते. तुले येते." पुन्हा हशा. हसणाऱ्यांत चिखलीचा एक होता, मेहकरची एक होती, मोताळ्याचे दोघं होते. त्यांच्याही घरी मले-तुलेच चालतं. पण सर समोर असले की त्यांची जीभ पुण्याला राहायला जायची. त्या दिवशी मीही हसले. हे सांगायची लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

हसू ओसरल्यावर सर म्हणाले, "एम. ए. मराठी ना गं तू? कुणी केलं तुला एम. ए.?"

बुलढाण्यात एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मालक पुण्याचे, म्हणजे हेच सर. महिन्यातून दोनदा गाडीनं यायचे, बाकी दिवस स्क्रीनवर दिसायचे. धंद्याचं नाव एसईओ. कुणी मोबाईलवर काही शोधलं की आपल्या गिऱ्हाईकाचं नाव सगळ्यांत वर दिसायला पाहिजे, एवढाच तो धंदा. तो प्रामाणिकपणेही करता येतो. माहिती खरी द्यायची, पान नीट बांधायचं आणि वाट बघायची. सरांकडे वाट बघायला वेळ नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला शिकवलं की या धंद्यात दोन टोप्या असतात. पांढरी म्हणजे नियमानं वागणारी, काळी म्हणजे फसवणारी. "आपली पांढरी," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. टोपी घालणं म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतं. रंग कुणी बघत नाही.

माझं काम आरोग्याचे लेख लिहायचं. लेखाखाली नाव डॉ. मृणालिनी. ही बाई जगात कुठंच नव्हती. फोटो विकतचा. गोरा चेहरा, चष्मा, गळ्यात स्टेथोस्कोप. खाली लिहिलेलं, प्रदीर्घ अनुभव. अनुभव कसला, तिचा जन्म आमच्या दुसऱ्या नंबरच्या कॉम्प्युटरवर झालेला. लोक तिला प्रश्न विचारायचे, मॅडम माझ्या वडलांना असं होतं, काय करू? उत्तर मी द्यायची. एम. ए. मराठी.

एकदा मी सरांना म्हणाले, निदान एखाद्या लेखाखाली माझं नाव टाका. लेखिका म्हणून, डॉक्टर म्हणून नाही. सरांनी हजेरीच्या यादीत माझं आडनाव बघितलं. मग समजावून सांगितल्यासारखे म्हणाले, "हे बघ, राग मानू नकोस. या आडनावावर लोकांचा विश्वास बसत नाही. डॉक्टर आमच्यातली असू दे. पेशंट तुमच्यातले घालू."

तुसडेपणानं बोलले असते तर भांडता आलं असतं. गोड बोलून त्यांनी मला माझी जागा दाखवली आणि मी "हो सर" म्हणाले. आमची वस्ती देऊळघाटच्या खालच्या अंगाला. घरात खुर्चीवर बसून पगार घेणारी मी पहिली. माय सगळ्यांना सांगायची, पोरगी कॉम्प्युटरवर दवाखान्याचं लिवते. त्या खुर्चीसाठी मी बरंच गिळलं.

तर त्या दिवशीची गोष्ट. आमचं एक गिऱ्हाईक होतं, शुगर मुळापासून घालवतो म्हणणारं एक केंद्र. प्लास्टिकच्या डबीत पुड्या भरून विकायचे. त्यांच्यासाठी मी 'मधुमेहाचे समूळ उच्चाटन' असले लेख लिहून लिहून थकले होते. कुणी वाचत नव्हतं. सर वैतागले होते. मला वाटलं, आपण काहीतरी कामाचं सांगावं. म्हणून मी ते गुणाचं सांगितलं.

आमच्या भागात डॉक्टरची डिग्री कुणी विचारत नाही. त्याच्याकडे जाऊन आलेल्या माणसाला विचारतात. पिठाच्या गिरणीवर, हापशीवर, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला. गुण आला का? ती आला म्हणाली तर जायचं, नाही म्हणाली तर नाही. आणि यात खोटं कुणी बोलत नाही. भांडण असलं, बांधावरून कोर्टात गेलेले असले, तरी दुखण्याचं विचारलं की माणूस खरं सांगतो. गरिबाकडं दुसरं आहे काय? एकमेकांचं ऐकूनच आम्ही जगलो. हे मी स्वतःच्या पायांनी चालत त्या खोलीत नेऊन ठेवलं. शाबासकी मिळावी म्हणून.

दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आता ते हसत नव्हते.

"तू बोलतेस ना, तसंच लिही. शुद्ध करू नकोस. चुका राहू देत. गावांची नावं खरी टाक."

सकाळी जी बोली हसण्यासारखी होती, ती दुपारी माल झाली. मी लिहायला बसले. पहिलं नाव सुचलं कमलबाई. गाव माझंच टाकलं.

"मी देऊळघाटची कमलबाई. मले लय वर्सापासून शुगर होती. पायाले अशी आग सुटे की वल्लं फडकं गुंडाळून बसो. हे पुडी चालू केली आन् महिन्यात गुण आला. दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या."

शेवटचं वाक्य सरांनी घालायला लावलं. मी म्हणाले, "सर, गोळ्यांचं नको. लोक खरंच बंद करतील."

"काय करायचं ते लोक ठरवतात," सर म्हणाले. "आपण फक्त वर आणतो."

मी ते वाक्य लिहिलं. सांगितलं सरांनी, पण लिहिणारी बोटं माझी होती. पुढं वरवट बकालचा एक म्हातारा लिहिला, सुलतानपूरची एक विधवा लिहिली, त्यांचे जावई लिहिले, शेजारी लिहिले. हात बसला. खोटी माणसं लिहिणं सोपं असतं, ती उलटून विचारत नाहीत. केंद्र भराभर वर गेलं. सरांनी पेढे वाटले आणि तेव्हापासून मला नावानं हाक मारायचं सोडून "ए गुण" म्हणायला लागले. मीही ओ द्यायची.

मी बुलढाण्यात खोली करून राहत होते, महिन्यातून एखादा रविवार घरी जायची. अशाच एका रविवारी शेजारच्या सरूमावशीकडं गेले. मावशी नात्यातली नाही. माय कामाला गेली की मला जेवू घालणारी, गोधड्या शिवून पोट भरणारी बाई. तिला शुगर होती. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या तिला लागू पडल्या होत्या, नियमानं घ्यायची. त्या दिवशी ती पाटावर पाय ठेवून बसली होती. अंगठ्याला फडकं बांधलेलं.

"ते कमलबाई कोण हाय वं?" तिनं मला विचारलं.

मी म्हणाले, "कोण कमलबाई?"

"आपल्याच गावची. शुगरवाली. सुनेनं मोबाईलमधी वाचून दाखवलं. गुण आला म्हणे तिले. मी पुरं गाव हुडकलं. वरच्या आळीत गेली, मशिदीमांगं गेली, यष्टी स्टँडवर विचारलं. कोणीच वयखत नाई तिले."

"मंग?"

"मंग म्हतलं, असन कोणाची नवी सून. गोळ्या बंद केल्या मी बी. पुडी घेऊन राह्यली दोन येळ."

"न भेटताच?"

"आपल्या बोलीत लिवलं होतं ना बाप्पा. पुण्यामुंबईचा माणूस असं थोडीच लिवते. वल्लं फडकं गुंडाळाले लागते, हे ज्यानं भोगलं त्यालेच ठावं."

ते ओलं फडकं तिचंच होतं. लहानपणी मीच तिला ते भिजवून द्यायची. कमलबाईच्या पायाला आग कुठून आणायची म्हणून मी सरूमावशीच्या पायाची घेतली होती. आणि ती या दुखऱ्या पायानं गावभर हिंडली, मला शोधत. आणि मी तिच्यासमोरच बसले होते.

तिनं फडकं सोडलं. अंगठा काळा पडला होता. वास येत होता.

दुसऱ्या दिवशी तिला बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आधी ओरडल्या. "गोळ्या कुणी बंद केल्या?"

"कमलबाईनं," मावशी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. "ही कमलबाई कोण?"

मी मावशीची पिशवी उचलून बाहेर आले. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. तोवर मी बाहेर बाकावर बसून होते, कुणाला काही बोलले नाही. भेकड होते म्हणून बोलले नाही, दुसरं कारण नाही.

चार दिवसांनी ऑफिसात गेले. सर आलेले होते आणि खुशीत होते. केंद्राची दुसरी शाखा निघणार होती, त्यांना आता व्हिडिओ हवा होता.

"ए गुण, तुझ्या गावची एखादी म्हातारी बघ. अस्सल. डोक्यावर पदर, बोलणं तुझ्यासारखं. कमलबाई म्हणून बसवू. लोकांना चेहरा दिसला पाहिजे."

"एक हाय," मी म्हणाले.

"व्हेरी गुड."

"पायाची दोन बोटं नाईत तिले. कमलबाईचं वाचून गोळ्या सोडल्या तिनं. चार दिवस झाले कापली."

सरांनी हातातला पेन खाली ठेवला. मला खरंच वाटलं, हा माणूस आता काहीतरी माणसासारखं बोलेल. ते म्हणाले, "पाय फ्रेममध्ये घ्यायचे नाहीत. वरचंच शूट करू."

माझ्या आत जे काही हो सर, हो सर म्हणत होतं, ते तिथं मेलं. मला राग आला असं म्हणता येणार नाही. किळस आली. या माणसाकडं स्वतःचं काय होतं? डॉक्टर खोटी, पेशंट खोटे, बोली आमच्याकडून चोरलेली, विश्वास आमच्या गिरण्यांवरून उचललेला. याच्या इंग्रजीला, गाडीला आणि शुद्ध मराठीला मी दोन वर्षं घाबरले. सगळा डोलारा आमच्या जिवावर उभा, आणि वर हसायचंही आम्हालाच.

"मी नाई आणत कोणाले," मी म्हणाले. "आन् आजपासून लिवत बी नाई. ज्याले हसाचं त्यानं आता हसा."

कुणी हसलं नाही. सरांचा गोडवा संपला. "लिहिलंस तू. सगळं तुझ्या लॉगिनवरून गेलंय. आम्ही कुठंच नाही त्यात, लक्षात ठेव." मला ते लक्षात ठेवायची गरज नव्हती. खोट्या माणसांची यादी सरांच्याच हुकमानं मी ठेवत होते. नाव, गाव, आजार, कोणत्या दिवशी गुण येणार. आणि कुणाच्या सांगण्यावरून, हाही रकाना होता, कारण सरांना शिस्त फार आवडायची. आदल्या दिवशीच मी बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या यादीचे कागद काढून खोलीवर नेले होते.

आधी मावशीकडं गेले. तिच्या खाटेशी बसून सांगितलं. कमलबाई मी आहे. फडकं तुझं घेतलं. गोळ्यांचं वाक्य मीच लिहिलं.

ती रडली नाही, तिनं शिव्या दिल्या नाहीत.

"मी तुलेच विचारलं होतं वं," ती म्हणाली. "कोण हाय म्हणून. तवा काऊन नाई बोलली?"

तिनं भिंतीकडं तोंड केलं. "जाय आता," म्हणाली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. तिनं बोलावं असं मी कुणाकडून सांगायलाही पाठवलेलं नाही. माफी मागून मोकळं व्हायचा धंदा मला करायचा नाही.

आता मी गिरण्यांवर जाते. आधी देऊळघाट केलं, मग वरवट बकाल, मग सुलतानपूर. दळण घेऊन बसलेल्या बायांसमोर उभी राहते आणि सांगते, मोबाईलमधली कमलबाई खोटी आहे, ती मी लिहिली. काही बाया शिव्या देतात. एकीनं पिठाचा हात माझ्या तोंडावर मारला. मी पुसलं आणि पुढचं बोलले. एकीनं गुपचूप पिशवीतून पुडी काढली आणि विचारलं, मंग हे फेकू का? मी म्हणाले, फेका आणि दवाखान्यात जा.

कागद घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी सगळी यादी वाचली. चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, माझ्या भल्याचंच सांगत होता.

"बाई, यात तुमच्या सरांच्या आधी तुमचं नाव येईल. लिहिणाऱ्या तुम्ही आहात. ते वकील लावतील आणि सुटतील. तुम्ही अडकाल. नोकरी सोडलीत ना? बस्स झालं. घरी जा."

मी खुर्ची ओढून बसले. "लिहून घ्या," म्हणाले. "मी अडकायलाच आली. पण एकटी अडकणार नाही."

त्यांनी कागद पुढं सरकवला. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि खाली सही केली.