गाठ आणि गुठळी

बायकोला घाबरलेलं मी कधी पाहिलेलं नाही. घाबरते, पण दाखवत नाही. माझं उलट आहे. मी कशालाही घाबरतो आणि मग आवाज चढवतो. कंपनीत फिटर होतो तेव्हा लोक म्हणायचे, माणूस तापट आहे. खरं काय ते फक्त हिला ठाऊक.

हिच्या अंडाशयात कॅन्सरची गाठ सापडली आणि ठाण्याच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. घरी, कोपरला, आमच्या बिल्डिंगमधल्या बायका भेटायला यायच्या आणि सगळ्या एकच बोलायच्या, गाठ गेली ना, मग सुटलीस. तरी केमोची सलाइनं चालूच होती. केस गेले त्या दिवशी हिने आरशात स्वतःकडे पाहिलं, मग माझ्या टकलाकडे पाहिलं, आणि म्हणाली की आता आपला जोडा शोभतो. मी हसलो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

मग तिचा डावा पाय सुजला. पोटरी तर टणक झालेली. सोनोग्राफी झाली. तिथली डॉक्टर तरुण, हुशार, पण बोलण्याची घाई फार. स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "पायात गाठ आहे. रोज पोटात इंजेक्शन घ्यावं लागेल." पुढेही ती बरंच बोलली, पण मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. पोटातली गाठ पायात उतरली, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. आणि हिला ते कळू द्यायचं नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

इंजेक्शन द्यायला सिस्टरने मला शिकवलं. पोटाची चिमूट धरायची, टाक्यांपासून लांब सुई घालायची, नंतर चोळायचं नाही. मी सुई पान्यासारखी गच्च धरायचो. ही छताकडे बघत म्हणायची, नटबोल्ट नाही तो, जरा हळू.

त्याच दिवसांत ती मला वरणाला फोडणी द्यायला शिकवू लागली. मोहरी तडतडायच्या आत हिंग टाकला की ओरडायची. ठेवणीतली इरकल साडी तिने धाकट्या जावेला देऊन टाकली. आणि एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता म्हणाली, पुढचं सलाइन घ्यायचं नाही, आता पुरे. मी भडकलो, नको ते बोललो. ती मेथी निवडत राहिली. सलाइन घेतलं नाही तर ही माझ्या हातची जाणार, हे मला दिसत होतं, आणि मला ओरडण्यापलीकडे काही येत नव्हतं.

पायाच्या तपासणीला मात्र ती आली, माझ्या समाधानासाठी. गाडी भाड्याने केली, माणकोलीच्या पुलावरून ठाण्याला गेलो.

तपासून झाल्यावर त्याच डॉक्टरने सांगितलं की हॉस्पिटलात एक संशोधन चाललंय. गर्भाशयाचा, अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या बायकांच्या पायात अशा गाठी होतात. कुणाला होणार ते रक्त तपासून आधीच कळेल का, हे त्यांना शोधायचं होतं. काकूंनी थोडं रक्त दिलं तर मदत होईल, नाही दिलं तरी उपचारात फरक पडणार नाही.

"घ्या की," ही म्हणाली. "कॅन्सर पायापर्यंत उतरलाय. आता मला रक्त ठेवून काय करायचंय?"

सोनोग्राफीच्या टेबलावर पडून तिनेही तेच ऐकलं होतं, हे मला आत्ता कळलं. डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसली.

"काकू, कॅन्सर पायात नाहीये. ही रक्ताची गुठळी आहे. या आजारात रक्त लवकर साकळतं, ते शिरेत साकळलंय. सुटून छातीत गेली तर धोका असतो, म्हणून इंजेक्शन. पण ती गाठ वेगळी, ही वेगळी."

"मग गुठळी म्हणा ना हो." ही म्हणाली. "आमच्याकडे गाठ एकच असते."

डॉक्टरचा चेहरा उतरला. तिने माफी मागितली. संशोधनासाठी बायकांना वाचायला देतात त्या मराठी कागदावरही गाठ असंच छापलेलं होतं, तेही बदलून घेते म्हणाली. बायकोने बाही वर केली आणि रक्त दिलं. निघताना पुढच्या सलाइनची वेळ तिनेच विचारून घेतली.

गाडीत बसल्यावर मला रडू आवरेना. ड्रायव्हर आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं. हिने पदर पुढे केला आणि विचारलं की चांगलं ऐकून आलोय तर आता का रडताय. मी सांगून टाकलं की मीही तेच धरून बसलो होतो, सोनोग्राफीच्या दिवसापासून, तुला कळू नये म्हणून गप्प होतो. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. तिने माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"सांगायचं नाही का, अहो," ती म्हणाली. "दोघं मिळून घाबरलो असतो."