पाण्यात दिसलेली जीप

टेकचंद पटले कुणाचंही बोलणं एका फटक्यात खरं मानत नसे. पंपावर डिझेल भरलं की टाकीत बांबूची काडी बुडवून बघायचा. एसटी किती वाजता येते हे तिघांना विचारायचा, आणि तिघांचं जुळलं की चौथ्याला. "यमराज आला तरी हा मानूस त्याले आधी ओळखपत्र मागन," असं त्याची बायको जानकीबाई म्हणायची, आणि ते ती हसून म्हणत नसे.

सिहोरा-तुमसर रस्त्यावर त्याची जुनी जीप भाड्याने चालायची. सिहोऱ्यापासून दीड कोसावरच्या टोल्यात, छोट्या वस्तीत, घर, तलावाला लागून शेत. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन सहा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. धान निघून गेलं होतं, भाताच्या खाचरांत, इकडच्या भाषेत बांध्यांमध्ये, कापल्या धानाची नुसती फणकटं उरली होती. नागपूरच्या एका संस्थेने जुन्या तलावांची नोंद करायला हर्षा नावाची मुलगी पाठवली आणि पंधरा दिवसांसाठी टेकचंदची जीप ठरवली.

पहिल्याच सकाळी हर्षाने पिशवीतून तळहातावर मावेल असा एक कॉम्प्युटर काढला आणि साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी. डबीला खाली चुंबक होतं. तिने ती जीपच्या बॉनेटवर ठेवली तशी ती चिकटून बसली. टेकचंद दोन पावलं मागे सरला.

"हे काय लावून राहिल्या, मॅडम?"

"जीपीएस आहे, काका. आपण कुठे आहोत ते या पडद्यावर दिसेल."

"आपन कुठी हाओ ते मले मालूम हाये."

हर्षा हसली. तिने कॉम्प्युटरच्या कडेला नखाएवढं कार्ड सरकवलं, त्यातला नकाशा उघडला, मग बारीक काडीने पडद्यावर टोचत डबी आणि कॉम्प्युटरची जोडणी करू लागली. जोडणी काही होईना. एक खूण करून बघितली, दुसरी केली, सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. शेवटी डबीवरचा दिवा लुकलुकला. तरी पडद्यावर काही येत नव्हतं. "आंब्याखालून गाडी बाहेर घ्या," ती म्हणाली. "याला उघडं आकाश लागतं. वर उपग्रह आहेत, निदान चार तरी सापडले पाहिजेत."

टेकचंदने गाडी उन्हात घेतली आणि मान वर करून बराच वेळ बघितलं. "म्हंजे वरतून कोनी पाहून राहिलं आपल्याले?"

"कोणी बघत नाही. ते फक्त वेळ सांगतात. हिशेब आपलं यंत्र करतं."

"सांगनारा सांगते, अन् पाहत नाही. असं कुठी असते का?"

त्याच्या मनात वेगळंच होतं. तलावाला लागून त्याच्या नऊ बांध्या होत्या, आणि त्यातल्या तीन कागदावर कुठेच नव्हत्या. एका दुष्काळात तलावाचं पाणी खूप मागे हटलं, तेव्हा त्याच्या बापाने गाळात धुरे, म्हणजे बांध, घातले आणि ती जमीन आपली केली. बाप गेला, टेकचंदने वाहणं सुरू ठेवलं. गावात आणखी चार-पाच जणांनी तसंच केलं होतं. कुणी कुणाला विचारत नसे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. तलावांची नोंद हे शब्द ऐकल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

म्हणून पहिले दोन दिवस त्याने त्या यंत्रावर पाळत ठेवली. गाडी चालवता चालवता हा तिरक्या नजरेने पडद्यात डोकावायचा. पूल आला की ठिपका पुलावर आहे का, शाळा आली की शाळेपाशी आहे का. दोन्ही दिवस ठिपका जिथे असायला हवा तिथेच होता. त्यामुळे त्याची भीती कमी झाली नाही, वाढली. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. खरं बोलणाऱ्याचं काय करणार?

तिसऱ्या दिवशी त्याच्या स्वतःच्या गावचा तलाव होता. "रस्ता खराब हाये, मॅडम. पुढच्या हप्त्यात जाऊ," त्याने सांगून बघितलं. पण हर्षा आधीच वैतागलेली होती. आदल्या रात्री भारनियमनामुळे चार्जिंग झालं नव्हतं, बॅटरी पार संपली आणि यंत्रातलं सगळं पुसलं गेलं. सकाळी तिने कार्डावरून सगळं पुन्हा भरलं होतं. "आजच जाऊ," ती म्हणाली.

जीप तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, चढली आणि हर्षा एकदम "थांबा, थांबा" म्हणाली. पडद्यावर जीप पाळीवर नव्हती. भर तलावात होती.

टेकचंदने खिडकीतून खाली बघितलं. चाकाखाली कोरडी माती होती.

मग ती दोघं डबी आणि यंत्र घेऊन त्याच्या शेताशी गेली. विहिरीजवळ, कागदोपत्री पक्क्या असलेल्या बांधीच्या धुऱ्यावर ती उभी राहिली, आणि ठिपका तिथेही पाण्यात. म्हणजे तीनच नव्हे, नऊच्या नऊ बांध्या तलावात. हर्षा वहीत काही लिहू लागली होती.

"लिहू नोका!" तो ओरडला. "हे खोटं हाये!"

आवाज ऐकून शेजारच्या शेतातून पुंडलिकराव आले. गावचे जुने सरपंच, आणि तलावात त्यांच्याही दोन बांध्या. त्यांनी पडदा बघितला, मग टेकचंदला बाजूला घेतलं. "पोरीले गाडीत बसव अन् सोडून दे सिहोऱ्याले. गाव पाठीशी हाये. असे बाहेरचे डबे आनतेत अन् मंग जमिनी जातेत."

हे करणं सोपं होतं. पण टेकचंदला वाटलं, ही गेली तरी ते यंत्रातलं खोटं जाणार नाही. ते तसंच नागपूरला पोचेल आणि कागद होऊन परत येईल. आणि त्याला दुसरीही गोष्ट खुपत होती. कालपर्यंत हेच यंत्र पुलावर बरोबर होतं.

"मॅडम, शाळेपाशी चाला," तो म्हणाला.

शाळेच्या फाटकात उभं राहून त्याने पडद्यात बघितलं. शाळा नकाशात होती, ठिपका मात्र तिच्या मावळतीला पडला होता. तो ठिपक्याकडे, म्हणजे मावळतीला, पावलं मोजत निघाला. ती म्हणाली, "अहो काका, आपण यंत्र घेऊन तिकडे गेलो तर ठिपका शाळेपासून आणखी लांब जाईल. उलट या." मग तो फाटकाच्या उगवतीला चालला, शेताच्या धुऱ्यांवरून, आणि हर्षा यंत्र आणि डबी घेऊन मागे. सव्वादोनशे पावलांवर ठिपका शाळेवर आला. देवळापाशी तेच केलं. पुन्हा सव्वादोनशे. नाल्याच्या मोरीपाशी, तेच. पुंडलिकराव आणि दहा-बारा माणसं मागे मागे फिरत होती.

टेकचंद मोरीच्या कठड्यावर बसला. "मॅडम, खोटं बोलनारा दर खेपेले येगयेगळं बोलते. हे तं सगळीकडे एकच बोलून राहिलं. हे खोटं नाही बोलत. याले कोनीतरी चुकीचं शिकवलं. कालपर्यंत बरोबर होतं. रातच्याले याची बॅटरी गेली."

हर्षाने कपाळाला हात लावला. जुना सरकारी नकाशा एका मापाच्या पायावर काढलेला होता आणि उपग्रहांचं माप दुसऱ्या पायावर. दोन्हींचा मेळ घालायला यंत्रात एक खूण करावी लागते. पहिल्या दिवशी तिने ती केली होती. सगळं पुसलं गेल्यावर सकाळच्या घाईत राहून गेली. तिने तिथेच कठड्यावर बसून खूण केली. ठिपका उडी मारून मोरीवर येऊन बसला. मागच्या माणसांत कुणीतरी टाळी वाजवली.

पुंडलिकरावांनी वाजवली नाही. आता पुढे काय होणार ते त्यांना कळलं होतं. टेकचंदलाही कळलं होतं.

दुपारी हर्षा नकाशावरची तलावाच्या पाण्याची जुनी रेषा धरून चालत निघाली. टेकचंद शेजारून चालत होता. त्याच्या विहिरीपासून सहा बांध्या कोरड्या राहिल्या, आणि सहावी-सातवीच्या मधल्या धुऱ्यावर रेषा आली. हर्षा थांबली. "याच्या पलीकडच्या तीन तलावात आहेत. कोणाच्या?"

पुंडलिकराव खाकरले. टेकचंद खरं बोलला नसता तरी चाललं असतं. "मालूम नाही" एवढं पुरे होतं. पण सकाळभर सगळ्या गावासमोर यंत्राला खरं बोलायला लावलं ते त्यानेच.

"माह्या," टेकचंद म्हणाला. "बाप वाहत होता, मंग मी."

हर्षाने लिहून घेतलं. पुढच्या दोन तासांत बाकीच्यांच्या बांध्याही लिहिल्या गेल्या. कुणाची आहे म्हणून विचारलं की माणसं टेकचंदकडे बघत, आणि मग नाव सांगत.

घरी जानकीबाईने ऐकून घेतलं. "गावानं तुले काय म्हनलं?"

"काही नाही म्हनलं. तेच बेकार हाये."

"त्या खालच्या बांध्यात धान कधी धड भरलाच नाही," ती म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.

उरलेले बारा दिवस हर्षाने त्याला दुसरं काम दिलं. रोज निघण्यापूर्वी यंत्र त्याने लावायचं आणि माहीत असलेल्या एका जागेवर तपासायचं, मगच नोंद सुरू करायची. काडी त्याच्या जाड बोटांत नीट बसत नसे, पण एक खूणही तो विसरला नाही. दोनदा त्याने चूक पकडली. एकदा चूक नव्हती, तरी त्याने अर्धा दिवस घालवला.

दोन वर्षांनी तलावातला गाळ काढला गेला. त्याआधी सहा जणांना बांध्या सोडायला सांगणारे कागद आले. टेकचंदने पीक घरात आल्यावर त्या तीन बांध्यांचा धुरा फोडला. पुंडलिकरावांनी पुष्कळ दिवस भांडून मग फोडला, आणि तेव्हापासून तुमसरला जायचं असेल तर ते रस्त्यात टेकचंदची जीप सोडून देत आणि मागच्या एसटीची वाट बघत.

पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी सहाव्या बांधीच्या धुऱ्याला येऊन टेकलं. टेकचंद सकाळी गेला, धुऱ्यावर एक काठी रोवली आणि पाण्याच्या पातळीशी तिला खिळा ठोकला. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. पाणी खिळ्याच्या वर आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही तो गेला.