श्रीधरच्या नावाचे पाणी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझा एकुलता मुलगा श्रीधर सीमेवर धारातीर्थी पडला, आणि पुढे सहा वर्षे मी त्याला ओंजळभर पाणी दिले नाही. उभे आयुष्य रामकुंडावर यजमानांकडून पितरांचे तर्पण करवण्यात गेले. पण ज्याने मला पाणी द्यायचे, त्याचेच नाव तर्पणात उच्चारू लागलो की कंठ बंद होई. अंत्यविधी धाकट्या भावाने केले. देवपूजा मी सोडली नाही; देवाशी बोलणे मात्र सोडले होते.

शहरात वीरगती पावलेल्या सैनिकांचे स्मारक उभे राहिले, तेव्हा शांतिपाठासाठी मला बोलावणे आले. नाही म्हणवेना. शिळेवरील नावे न पाहताच परतायचे, असे ठरवून गेलो. अनावरण होताच मी वळलो, तोच पेठ तालुक्यातल्या डोंगरांतून आलेल्या एका वृद्धेने वाट अडवली. हाती पितळी तांब्या होता. वाचता येत नाही, दोन नावे दाखवा, असे तिने विनवले. पहिले तिच्या मुलाचे, यशवंतचे. नाइलाजाने शोधले आणि तिचे बोट त्यावर टेकवले. ती बराच वेळ ती अक्षरे चाचपत राहिली.

"आता श्रीधरचं दाखवा, बाबा. पंचवटीच्या भटजींचा पोरगा."

सहा वर्षांत ते नाव माझ्यासमोर कोणी घेतले नव्हते. घरात तशी ताकीदच होती. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हते. दोघे एकाच तुकडीत होते, एकाच दिवशी गेले; मुलाची पत्रे ती दुसऱ्याकडून वाचून घेई, त्यांतून तिला श्रीधर कळला होता. दर अमावास्येला ती दोघांच्या नावाने पाणी सोडते, हे तिने सहज सांगितले.

"त्याची माणसं शिकलेली, ती देतच असतील. पण दोघं संगतीनं गेले. एकाला पाजायचं नि दुसऱ्याला तहानेला ठेवायचं, बरं नाय दिसत."

शिळेचा आधार घेत कसाबसा म्हणालो, "त्याचा बाप मीच, बाई. आणि मी दिलेलं नाही."

ती दोष देईल असे वाटले. तिने तांब्या उचलला.

"मग आज तुमी द्या. मी धार धरते."

यशवंतचे गोत्र तिला सांगता येईना. गोत्र अज्ञात असल्यास काश्यप म्हणावे, असा आचार आहे. आमचे गोत्रही काश्यपच. त्या एकाच गोत्राने मी दोघांना पाणी दिले, आधी यशवंतला, मग श्रीधरला. कंठ अडला नाही.

माझे दुःख देवावर सोपवण्याइतकी श्रद्धा माझ्यापाशी उरली नव्हती. त्याने मात्र माझ्या वाटचे कर्तव्य सहा वर्षे त्या डोंगरातल्या माउलीच्या ओंजळीत सांभाळून ठेवले होते. आता दर अमावास्येला मी दोन नावे घेतो, आणि तिचे नाव विचारायचे राहून गेले, म्हणून तिसरा नमस्कार नुसताच डोंगरांच्या दिशेने करतो.