सालकिनने खिंडीपार नेलेला पाळणा

आमच्या कोचकोर गावात सालकिनला ‘बाही लांब झाली’ असं सांगायची हिंमत कुणी करत नाही. एकदा एका नवरीच्या आईने केली होती. सालकिनने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मग मुलीचे हात वाढव.” बाही लांब नव्हतीच, हे मला मान्य आहे. पण असं बोलायचं असतं का? चाळीस वर्षं ती बाजारामागच्या त्या एकाच खोलीत बसून शिवते आहे, आणि गिऱ्हाईकं बोलणी खाऊन पुन्हा तिच्याकडेच येतात. माझाही एक कोट गेल्या हिवाळ्यापासून तिच्याकडे पडून आहे, आणि मी तर तिची बालमैत्रीण.

शाळेत आम्ही तिघी एका बाकावर बसायचो. सालकिन, आयनाश आणि मी, अनारा. मागच्या बाकावरून मुकाश आमच्या वेण्या ओढायचा. मुकाश पुढे ट्रक ड्रायव्हर झाला. आता निवृत्त आहे, गुडघे गेलेत, आणि त्याच्याच वयाची एक रशियन जीप त्याने बायकोपेक्षा जास्त लाडात ठेवली आहे.

आयनाश आता नाही. आणि ती गेली तेव्हा सहा वर्षं तिचं सालकिनशी बोलणं बंद होतं.

कारण होता पाळणा. सालकिनच्या घरी आर्चाच्या, म्हणजे डोंगरातल्या सुगंधी झाडाच्या, लाकडाचा जुना पाळणा आहे, खालच्या वाकड्या दांड्यांवर डुलणारा. त्यात निजलेलं एकही मूल दगावलं नाही, म्हणून गावात त्याचं नाव. आमच्याकडे पहिल्या बाळाचा पाळणा मुलीच्या माहेरून येतो. आयनाशकडे पाळणाच नव्हता, तिची एकुलती एक नुरजात रशियात लोखंडी खाटेत वाढली होती. म्हणून नुरजातला दिवस गेले तेव्हा आयनाशने सालकिनकडे पाळणा मागितला. नेमकी सालकिनची सून आठव्या महिन्यात होती. घरात बाळ येणार असताना पाळणा उंबऱ्याबाहेर गेला की घरचं नशीब त्याच्याबरोबर जातं, असं आम्ही मानतो. सालकिन नाही म्हणाली. तिच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

आयनाशने बाजारातून नवा पाळणा घेतला. नुरजातचं बाळ अकरा दिवस जगलं. डॉक्टर म्हणाले, हृदयात दोष होता. त्यानंतरचं मूल पोटातच गेलं. आयनाशने सालकिनला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त यायची थांबली.

मागच्या शरदात आयनाश गेली. सालकिन रीतीप्रमाणे फाटकापासून मोठ्याने रडत गेली. शोकासाठी अंगणात उभारलेल्या तंबूत नुरजात, घरच्या मुली बसतात तशी, भिंतीकडे तोंड करून कमरेवर हात ठेवून बसली होती. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या गळ्यात ती पडत होती. सालकिन वाकली तेव्हा तिचे हात कमरेवरून हलले नाहीत. सगळ्या बायकांनी ते पाहिलं.

एप्रिलमध्ये तुझ-बेलची एक बाई दुकानात आली. तुझ-बेल म्हणजे खिंडीपलीकडचं खाणीचं गाव. खाण बंद पडल्यापासून निम्म्या इमारती रिकाम्या आहेत. नुरजात तिथेच दिली आहे. बाई म्हणाली, “नुरजातला मुलगी झाली. गुरुवारी चाळिसावा दिवस, बाळाला पाळण्यात घालायचा. माहेरचं कुणी नाही बिचारीला, आधीचा अपशकुनी पाळणा नको म्हणून सासूच नवा विकत आणणार म्हणे.”

सालकिनने हातातलं कापड खाली ठेवलं. माझ्याकडे पाहून म्हणाली, “मंगळवारी निघायचं.”

“कुठे?”

“माहेर होऊन जायचं.”

“अगं, तिने तुला मिठी मारली नाही आणि तू पाळणा घेऊन जाणार? दारातूनच परत पाठवेल.”

“पाठवू दे. पण दारापर्यंत तरी मी गेलेली असेन.”

मुकाशला विचारायला गेलो तर तो जीपच्या पोटाखाली होता. तिथूनच म्हणाला, “खिंडीत अजून बर्फ वितळतोय, रस्ता चिखल झालाय. वेड लागलंय का तुम्हाला?”

“साठ वर्षं झाली लागून,” सालकिन म्हणाली. “पेट्रोल भरून ठेव.”

मंगळवारी सकाळी कणकेचे बोरसोक तळून, चहाचे थर्मास भरून आम्ही निघालो. पाळणा मागच्या बाकावर, सालकिन आणि मी दोन बाजूंना. गाव संपलं, खड्डे सुरू झाले आणि पाळणा डुलायला लागला. सालकिन किंचाळली, “थांबव!”

रिकामा पाळणा हलवायचा नसतो. लहान मुलांनाही आम्ही त्यासाठी फटका देतो, कारण त्याने बाळाच्या जिवाला धोका असतो. इथे तर रस्ताच पाळणा हलवत होता, आणि रस्त्याला फटका कोण देणार? एवढी चाळीस वर्षं शिवणारी बाई, पण दोरी आणायचं तिला सुचलं नाही. मला सुचलं नाही ते वेगळंच.

“त्यात बटाटे भर,” मुकाश म्हणाला. “रिकामा राहिलाच नाही म्हणजे!”

“मेल्या, बटाट्यांना निजवू का त्यात?”

“मग अनाराला बसव. बडबड तरी थांबेल.”

सालकिन हसली नाही. तिने एक पाय पाळण्याच्या दांडीवर रोवला आणि दोन्ही हातांनी वरचा आडवा दांडा धरला. आता चल म्हणाली. आठ तास ती तशी बसली. मी म्हटलं, थोडा वेळ मी धरते. नाही म्हणाली. चहासुद्धा मी तिच्या तोंडाशी धरून पाजला. पाय बधिर झाला तेव्हा ती चेहरा वाकडा करून बसून राहिली, पण पाय हलला नाही. मला तिचा राग आला. असा हट्ट सहा वर्षांपूर्वी आयनाशच्या दारी जायला केला असता तर, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी बोरसोक तोंडात कोंबला.

संध्याकाळी रस्ता कामगारांच्या वस्तीवर मुक्काम केला. बुधवारी खिंडीच्या अलीकडे दरड आडवी आली होती. चिखल, दगड, उन्मळलेली झुडपं. मुकाशने गाडी बंद केली.

“झालं. यंत्र येईपर्यंत दोन दिवस. परत फिरूया.”

“पलीकडे काय आहे?” सालकिनने विचारलं.

“पाच-सहा किलोमीटरवर हवामान केंद्र. तिथून तुझ-बेलला दूधवाल्याचा ट्रक जातो. पण सालकिन, आपण साठीचे आहोत.”

“तू साठीचा आहेस. मी एकोणसाठची आहे.” ती उतरली. पाळणा तिने पाठीवर घेतला नाही, पाठीवर तो डुलला असता. दोन्ही हातांनी छातीशी कवटाळला आणि चिखलात पाय घातला. पुढचं दिसत नव्हतं म्हणून मी तिच्यापुढे चालत दगड सांगत होते. “डावीकडे. आता उंच. थांब, घसरतंय.” मागून मुकाश शिव्या घालत आला. ज्या जीपवर तो कुणाला टेकू देत नाही ती त्याने रस्त्यात सोडली होती. “किल्लीसुद्धा आतच राहिली,” तो पुटपुटला. “कोण चोरणार हे धूड!”

एकदा सालकिन गुडघ्यावर पडली. पाळणा वरच धरलेला. गुडघा फुटला, रक्त आलं. मी धावले तर म्हणाली, “मला नको, आधी त्याला धर.” दोन दिवसांत पहिल्यांदा तिने पाळणा माझ्या हातात दिला. फार जड होता. मी तो कवटाळून उभी राहिले आणि मला आयनाशची इतकी आठवण आली की रडूच फुटलं. सालकिनही रडली, चिखलात बसूनच. मुकाश पाठ फिरवून डोंगराकडे बघत राहिला.

हवामान केंद्रावर झोपलो. गुरुवारी दुपारी दूधवाल्याच्या ट्रकमध्ये रिकाम्या कॅनांशेजारी बसून तुझ-बेलला पोहोचलो. तिसऱ्या मजल्यावर नुरजातचं घर. बाळाची चाळीस चमचे पाण्याची अंघोळ होऊन गेली होती. शेजारणी जमल्या होत्या. एका कोपऱ्यात प्लास्टिक गुंडाळलेला नवा पाळणा उभा होता.

चिखलाने माखलेल्या आम्हा तिघांना पाहून नुरजातची सासू उठली. “तुम्ही कोण?”

“माहेरचे,” सालकिन म्हणाली.

सासूने मुकाशच्या बुटांकडे पाहिलं, सालकिनच्या गुडघ्याकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं. मग तिने काही न विचारता आम्हाला आतल्या मानाच्या जागी बसवलं. बाई शहाणी होती.

नुरजात खिडकीपाशी बाळ घेऊन बसली होती. ती उठली नाही. “आता आणलात होय?” ती म्हणाली.

शेजारणींचे चहाचे कटोरे हातातच राहिले.

“हो, आता,” सालकिन म्हणाली. “तेव्हा आणायला हवा होता. मी भ्याले गं. तुझ्या आईला तोंडावर नाही म्हटलं आणि मग तिला तोंड दाखवायला भ्याले. तिची माफी मागायची राहिली. तुझी मागायला आले आहे. तो नवा पाळणा वापर हवा तर, मी हा उचलून परत चालत जाईन. बाळाला दृष्ट लागू नये, एवढंच.”

सासूने नुरजातच्या हातातलं बाळ घेतलं आणि सालकिनच्या हातात दिलं. “पाळणा ज्यांनी आणला त्यांनीच निजवायचं,” ती म्हणाली. आर्चाची फांदी पेटवून तिने सालकिनच्या पाळण्याभोवती धूर फिरवला.

आमची रीत अशी की निजवणारी आधी बाळाचं डोकं मुद्दाम पाळण्याच्या पायथ्याकडे ठेवते आणि विचारते, “असं बरोबर?” मग सगळ्यांनी ओरडायचं, “नाही, उलटं!” आणि मग ती बाळ सरळ करते. सालकिनने बाळाचं डोकं पायथ्याकडे धरलं.

“असं बरोबर?”

“नाही, उलटं!” शेजारणी ओरडल्या.

सालकिनने बाळ फिरवलं नाही. “तुम्हाला नाही विचारलं,” ती म्हणाली. “आईला विचारलंय.”

बाळ तिच्या हातांवर तसंच, पाळण्याच्या वर अधांतरी. सालकिन नुरजातकडे बघत होती आणि मला माहीत होतं, ही बाई आता संध्याकाळपर्यंत अशीच वाकून राहील.

नुरजात उठली. जवळ आली. तिने बाळाच्या डोक्याखाली आपला हात घातला.

“उलटं धरलंयत, मावशी,” ती म्हणाली. “फिरवा तिला.”